पांढरीची माती

७ डिसेंबर

संपादकांनी नवं सदर गळ्यात घातलं. नावही त्यांचंच: 'घरबसल्या वारसा'. दर रविवारी जिल्ह्यातलं एक जुनं ठिकाण, पाचशे शब्द, आणि खाली ते ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी चित्र. वाचकाने मोबाईल धरला की किल्ला हातात. "शास्त्री, तुम्हाला कुठे जायचीही गरज नाही," ते म्हणाले. "फोटो नेटवर आहेत, माहिती तुमच्या डोक्यात आहे." जिल्ह्याचं नाव मात्र नवंच लिहायचं, ही ताकीद. मी नवं लिहितो आणि नगर बोलतो. हात आणि जीभ यांच्या चुली वेगळ्या झाल्या आहेत.

मला सदर आवडलं. एक तर गुडघे. दुसरं म्हणजे, आमच्या सात पिढ्यांत पोळ्याला लग्न लागणाऱ्या बैलाखेरीज कुणाच्या कानावर श्लोक पडला नव्हता. मी संस्कृत घेऊन बी.ए. झालो आणि नेवाशाच्या बाजारात माझा 'शास्त्री' झाला. श्रीमंत हे पाळण्यातलं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलं आहे. एवढ्या विद्येचा उपयोग वाळू आणि ऊस यांच्या बातम्यांपलीकडे कुठेतरी व्हायला हवा. तिसरं, माझं जुनं मत: अवशेष फोटोतच बरे. प्रत्यक्षात तिथे ऊन असतं, कुत्री असतात आणि दगडावर कोणीतरी कोणावर तरी प्रेम केल्याची नोंद असते. बघण्यासारखं काही नसतं.

बायकोला, आरतीला सांगितलं. "म्हणजे आता दिवसभर घरातच?" ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद शोधला. सापडला नाही.

१२ डिसेंबर

बंधाऱ्याच्या पाण्याच्या बातमीसाठी पांढरेवाडीला गेलो होतो. निघताना एक म्हातारी गाडीपुढे हात करून उभी राहिली.

"तुमी पेपरवाले ना?"

"हो."

"मंग येक काम करा. ते लेकरू कुठं ठिवलंय, तेवढं बगून द्या."

मी लगेच वही काढली. हरवलेलं मूल म्हणजे पहिलं पान. "कधीपासून हरवलंय?"

"झाली आसतील की चाळीस-पंचेचाळीस सालं."

वही मिटली. पण म्हातारीने ओसरीवर बसवून चहा दिला, आणि चहा घेतला की ऐकावं लागतं, हा या धंद्याचा नियम आहे.

छबूबाई तिचं नाव. गावाबाहेर जुनी वस्ती मोडून झालेली टेकडी आहे. अशा टेकडीला आपल्याकडे पांढरी म्हणतात, कारण तिथली माती राखेसारखी पांढुरकी असते. छबूबाई नवी नवरी असताना पुण्याच्या एका संस्थेने तिथे तंबू ठोकून उत्खनन केलं होतं. गावातल्या बायका रोजाने जायच्या. तिच्या खुरप्याला एका घराच्या जमिनीखाली दोन मडकी लागली, आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. आत तान्ह्या मुलाची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं आपली तान्ही लेकरं अशी घरातच ठेवत.

"मी वळखलं," छबूबाई म्हणाली. "आमीबी तान्हं जाळत न्हाई, ठिवतो. साहेबाला म्हनलं, झाका हो परत. ठिवलेलं उकरू न्हाई. आन् उकारलंच, तर ज्या हातानं उकारलं त्याच हातानं झाकावं. साहेब चांगले हुते. हासले. दुसऱ्या दिशी जीपमधी घालून घिऊन गेले."

"मग?"

"मंग काय. फुडल्या सालाला माझं गेलं. सातव्या दिशी. सासू म्हनली, दुसरीचं उघडं टाकलंस, तुजं कसं ऱ्हाईल?"

मी तिला समजावलं. जंतू, लसी, बाळंतपणातली हेळसांड; उत्खनन आणि बाळाचं जाणं यांचा एकमेकांशी संबंध नाही वगैरे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुमी म्हनता तसं आसंल दादा. पर त्या लेकराला कोन सांगनार?"

संस्थेने ते जिथे ठेवलंय, तिथे तिला जायचं आहे. त्याच पांढरीची मूठभर माती घेऊन जाऊन ते मूल झाकायचं आहे. मुलगा मच्छिंद्र नेत नाही. तिला दमा आहे. या थंडीत जमलं तर जमलं, म्हणाली.

सदराला विषय मिळाला. सोबत द्यायच्या चौकटीचा मथळाही सुचला: 'अंधश्रद्धेचं ओझं'.

रात्री जेवताना आरतीला रंगवून सांगितलं. शेवटी थोडी विद्वत्ताही वाढली, की शास्त्र या बाबतीत फार काटकसरी आहे. दोन वर्षांखालचं मूल पुरावं. त्याला पाणी नाही, पिंड नाही, एक आंघोळ केली की सुटलात. आरती ताटावरून उठली. भात जास्त झाला म्हणाली. भात रोजच्याएवढाच होता.

१५ डिसेंबर

फोटो सापडला. संस्थेच्या संकेतस्थळावर, अगदी स्वच्छ, दोन्ही मडकी, शेजारी मापाची पट्टी. घरबसल्या वारसा! लगेच पांढरेवाडी गाठली (घरबसल्या नव्हे, पण असो). मच्छिंद्र घोडेगावच्या बाजारातून आणलेली शेळी बांधत होता. छबूबाईने पदराला हात पुसले, मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"दिसलं ना आई?" मच्छिंद्र म्हणाला. "झालं मंग. आता पुन्याचं नाव काढू नको. आमी लग्नाला न्यायचं म्हनलं की हिची कंबर दुखती, आन् मडकं बघायला चालली पुन्याला."

"ह्ये मला दिसतंय," छबूबाई मला म्हणाली. "पर त्याला मी कुठं दिसते?"

मच्छिंद्र हसला. "त्याला डोळं हायेत का?"

"तुला हायेत की. तुला तरी कुठं दिसते मी?"

मच्छिंद्र शेळीकडे वळला. वाक्य चांगलं आहे म्हणून मी टिपून घेतलं. अर्थ सवडीने बघू.

१६ डिसेंबर

आरतीने सकाळी चहा ठेवता ठेवता विचारलं, "कधी जाणार?"

"कुठे?"

"पुण्याला. त्या बाईंना घेऊन."

मी म्हटलं, फोटो दाखवला, विषय संपला. ती म्हणाली, "नाही संपला. त्यांना घेऊन जा. मी पण येणार."

मी चाटच पडलो. या बाईने लग्नानंतर नेवाशाच्या देवळातल्या पैसाच्या खांबापलीकडे एकही प्राचीन वास्तू पाहिलेली नाही, माझा अपवाद सोडला तर. तिला तसं म्हटलंही. एरवी हसली असती. बहुधा लक्ष्मी रोडवर काही खरेदी आहे. संक्रांत जवळ आली आहे.

२० डिसेंबर

पुण्याच्या त्या संस्थेच्या संग्रहालयाला लिहिलं होतं, उत्तर आलं. सबिहा नावाच्या बाई आहेत. फोनवर म्हणाल्या, "मी नगरचीच, सर. झेंडीगेटची. आजींना जरूर आणा." आवाज तरुण आहे. ८ जानेवारी ठरली. मच्छिंद्र कुरकुरला, पण नेवासा फाट्यापर्यंत सोडतो म्हणाला.

वाळूउपशाची बातमी पाठवली. 'प्रवरेच्या पात्रात पुन्हा यंत्रांचा धुमाकूळ, विश्वसनीय सूत्रांची माहिती.' सूत्र म्हणजे माझा गावाकडचा धाकटा भाऊ कारभारी, आणि माहिती म्हणजे त्याचा फोन. गेली कित्येक वर्षं ही बातमी मी अशीच लिहितो. तारीख बदलली की ताजी होते.

७ जानेवारी

उद्याची तयारी. आरतीने पलंगाखालची ट्रंक ओढली. ती ट्रंक कोल्हारची, तिच्या माहेरची. सहसा उघडत नाही. तिने खालून एक झबलं काढलं, पिवळं, हातशिलाईचं, पिशवीत तळाशी ठेवलं. तिच्या भाचीला दिवस गेलेत, ती पुण्याला असते. म्हणजे खरेदी नव्हे, भाची. मी म्हटलं, "जुनं कशाला, नवं घेऊ की." ती म्हणाली, "नवंच आहे."

खरंच नवं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी शिवलेलं, न वापरलेलं. नगरच्या दवाखान्यातली ती गोष्ट. मुलगी होती, असं नर्स म्हणाली. आईला दाखवायचं नाही, बापाने जायचं नाही, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं. कारभारीनेच गावी नेऊन सगळं उरकलं. मोठ्यांनी ठरवलं ते शहाणपणाचंच होतं. बघितलं की जास्त लागतं. पुढे आम्ही त्यावर कधी बोललो नाही, इतकं ते नीट पार पडलं.

सकाळची एसटी आहे. झोपायला हवं.

८ जानेवारी

परत आलो. दमलो आहे, पण लिहून ठेवतो, नाहीतर सदराला उतरणार नाही.

एसटीत दोघी शेजारी बसल्या, मी मागे. शिरूरपर्यंत त्यांचं बोलणं चालू होतं. नंतर माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा छबूबाईचा हात आरतीच्या मांडीवर होता आणि दोघी खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर नुसते ढाबे होते.

मडकी दालनात काचेच्या पेटीत आहेत. पहिला धक्का म्हणजे ती लहान आहेत. फोटोत रांजणाएवढी वाटली होती. प्रत्यक्षात एकेक आपल्या पाण्याच्या कळशीएवढं. फोटोत शेजारी पट्टी होती, पण पट्टीकडे बघतो कोण. एकाच्या गळ्याजवळ माती ओली असताना उमटलेला अंगठा आहे. तो फोटोत नव्हता, कारण तो मागच्या बाजूला आहे, तिथे वाकून बघावं लागतं. मी वाकलो. गुडघे बोलले. अंगठा लहान होता, बाईचा असावा.

आरतीने दोन्ही हात काचेसमोर धरले, मधे अंतर ठेवून. मापासाठी असेल. बराच वेळ तसेच धरून उभी होती.

छबूबाईने मात्र काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "ह्ये रिकामंय."

सबिहाबाईंनी सांगितलं की हाडं वेगळी ठेवतात, दुसऱ्या इमारतीत. छबूबाई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. सबिहाबाईंनी एक फोन केला, मग आणखी एक, मग म्हणाल्या, "चला."

लांब खोली, लोखंडी कपाटं, औषधाचा वास. त्यांनी हातमोजे घालून एक ट्रे काढला, टेबलावर ठेवला. कापसावर हाडं होती. मी ती वर्णन करणार नाही. संपादकांना हवीच असतील तर नेटवर बघावीत.

छबूबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली. सबिहाबाई हळूच म्हणाल्या, "आजी, माती नाही टाकता यायची. तपासण्या होतात यांच्या. दुसरी माती मिसळली तर सगळं चुकतं."

"दुसरी न्हाई माय. त्याचीच हाय."

"माहीत आहे आजी. तरीपण नाही चालत."

मी मधे पडणार होतो, एखादा तडजोडीचा मार्ग वगैरे. पण छबूबाईने वाद घातला नाही. पुरचुंडी परत बांधली. ट्रेवर वाकली आणि कुणाच्या घरी निरोप द्यावा तसं म्हणाली, "मी हुते रं बाळा ती. खुरपं माझंच लागलं. मी म्हनलं हुतं झाका म्हनून. कोनी ऐकलं न्हाई."

मग तिने डोक्यावरचा पदर सोडला आणि ट्रेवर धरला, न टेकवता, दोन्ही हातांनी, घराच्या छपरासारखा. तिला दम लागला होता. सबिहाबाई पाठ करून कपाटावरच्या चिठ्ठ्या वाचू लागल्या. त्या चिठ्ठ्या त्यांनीच लिहिलेल्या असणार.

"झाकलं," छबूबाई म्हणाली आणि खाली बसली.

आरतीने मात्र फार चांगले प्रश्न विचारले. वार्ताहर व्हायला हवी होती. मूल किती दिवसांचं? सबिहाबाई म्हणाल्या, जन्मल्या जन्मल्याच गेलं असावं. मुलगा की मुलगी? इतक्या लहानात हाडांवरून कळत नाही. मग आरतीने विचारलं, "ठेवताना त्याच्या आईने बघितलं असेल का?"

सबिहाबाई म्हणाल्या, "ताई, ही मडकी चुलीपासून चार पावलांवर सापडली होती. ती बाई रोज त्यावरून चालत असणार. भाकरी करताना, झाडताना."

"म्हणजे तिला ठाऊक होतं, कुठे आहे ते," आरती म्हणाली.

"हो. तिला ठाऊक होतं."

भाचीकडे जायचं का विचारलं. आरती म्हणाली, "कशाला?" झबलं पिशवीतच राहिलं.

फाट्यावर मच्छिंद्र घ्यायला आला होता. उतरताना छबूबाईने मातीची पुरचुंडी आरतीच्या हातात दिली. "माझं झालं पोरी. ही तू ने. तुजं ऱ्हायलंय."

मातीचं आरती काय करणार कळलं नाही. बहुधा तुळशीला घालेल.

१२ जानेवारी

सदर छापून आलं. माझा मथळा होता, 'मागच्या बाजूचा अंगठा'. छापलेला मथळा: 'तीन हजार वर्षांपूर्वीचं बाळ पाहा घरबसल्या!' खाली ठिपक्यांचा चौकोन. चौकट मी दिलीच नव्हती. ती लिहायला बसलो होतो, पण जंतू आणि लसी यांच्यापुढे वाक्य सरकेना. संपादकांचा फोन आला, प्रतिसाद चांगला आहे, आता पेडगावचा किल्ला घ्या. मी म्हटलं, जाऊन येतो. ते म्हणाले, "कशाला? बघण्यासारखं काय आहे तिथे?"

हे वाक्य माझंच आहे. दुसऱ्याच्या तोंडून बरं वाटलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आरती कुणाकडे गेली नाही. पुरचुंडी देवळीत, निरांजनाशेजारी आहे. तुळशीला घातलेली नाही.

२० जानेवारी

मच्छिंद्रचा फोन. छबूबाईला दवाखान्यात ठेवलं आहे. दमा वाढला, ऑक्सिजन लावला आहे. मी विचारलं, पुण्याच्या प्रवासाने तर नाही ना? तो म्हणाला, "तसं काय मनात आनू नका. पुन्यावरनं आली तवापासून निवांत झोपत हुती. मीच कवा इतकी झोपलेली बघितली नव्हती." मग म्हणाला, "मास्क काढून येकच गोष्ट सारखी इचारती. म्हनती, पेपरवाल्याच्या मंडळीचं काम झालं का?"

फोन ठेवला आणि आरतीला विचारलं, "छबूबाई विचारतेय, तुझं काम झालं का. कसलं काम?"

ती गहू निवडत होती. हात थांबला नाही. "ती कुठे आहे?" तिने विचारलं.

"दवाखान्यात."

"छबूबाई नव्हे."

गव्हातला एक खडा मी उचलून बाजूला टाकला. मग नेहमीचं तेच बोललो, की तिथे आता काय असणार, बघण्यासारखं काही नाही.

"मला काही बघायचं नाही," आरती म्हणाली. "तिला कुणीतरी दिसू दे."

२१ जानेवारी

कारभारीला फोन केला. "कुठे रे ते?"

कोणतं, असं त्याने विचारलं नाही. म्हणाला, "आज यकदम, दादा?" मग म्हणाला, "मळ्याच्या खालच्या अंगाला. नदीकडं. बाभळीपाशी. तुमी या, मी हाय."

दुपारी मच्छिंद्रचा फोन आला. छबूबाई पहाटे गेली. पांढरेवाडीला जाऊन आलो. गर्दी होती. मच्छिंद्र माझा हात धरून रडला. आरती रडली नाही. बायकांत बसून होती.

२३ जानेवारी

गावी गेलो. मळा ओलांडून नदीकडे उतरलो आणि थांबलोच. काठ नव्हता. जिथे उतार होता तिथे उभा कडा, खाली यंत्रांच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या आणि त्यात साचलेलं हिरवं पाणी. या काठाच्या बातम्या मी फोनवर लिहिल्या. किती ब्रास वाळू, किती वाहनं, सगळं दिलं. तो हाच काठ, हे बातमीत नव्हतं.

"हितं बाभूळ हुती," कारभारी म्हणाला. मग चार पावलं सरकला. "न्हाई, हितं. का तिकडं..." त्याने कड्याबाहेर, हवेत हात केला आणि खाली घेतला. त्याचा चेहरा बघवेना. "वैनी, मी दगड लावला हुता. खरंच लावला हुता."

"माहीत आहे," आरती म्हणाली. ती कड्याच्या अलीकडे, जिथे अजून जमीन होती, तिथे बसली. "इथेच."

तिने हातानेच उकरलं. झबलं घडी करून ठेवलं. पुरचुंडी सोडून पांढरीची माती त्यावर पसरली, वर आपली काळी माती, आणि पदर धरला, तसाच, छपरासारखा. ओठ हलत होते. काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

मी खाली उतरलो. गुडघ्यांना विचारलं नाही. ओंजळीत पाणी घेऊन वर चढलो तर हातात थेंब-दोन थेंबच उरले होते. ते घातले. पुन्हा उतरलो.

"दादा," कारभारी म्हणाला, "हे शास्त्रात बसतंय का?"

"नाही."

तिसऱ्या खेपेला तोही माझ्याबरोबर उतरला.

परतताना एसटीत आरती शेजारी बसली. खिडकीकडची जागा तिने मला दिली.

"दिसलं का काही?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "खरं सांगू? तिथे बघण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं."

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने, पुढे बघतच, "मग तुम्ही एवढा वेळ रडत का होता?"

तीस वर्षं वार्ताहर आहे. ही बातमी मला दुसऱ्याकडून कळली.